मास्तरांची डावी बाजू

७ फेब्रुवारी

बेकरीवाल्याचा धाकटा आज परीक्षेत पास झाला. चढावर गाडी थांबवून अशी अलगद पुढे काढली की परीक्षकानेही मान डोलावली. परत आल्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाला, "मास्तर, सोमवारी निघतोय." कुठे, ते मी विचारलं नाही. सगळे जातात तिकडेच, शहरात.

म्हणजे आता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणारं कुणीच उरलं नाही. या वर्षात अठरा पूर्ण होणारी मुलं गावात किती, ते बोटांवर मोजायला बसलो तर दुसऱ्या हाताची गरजच पडली नाही.

मी शाळेत कधी शिकवलेलं नाही, तरी गाव मला मास्तर म्हणतं. तीसेक वर्षं गाडी शिकवतोय. ज्याला शिकवलं तो ती चालवत गावाबाहेर गेला. बायको म्हणते, "गाव रिकामं करायचं कंत्राट तुम्हीच घेतलं होतं." गमतीने म्हणते. आमची मुलगीही माझ्याच हाताखाली शिकली आणि गेली.

ही डायरी तिनेच पाठवली. रेघा इतक्या पुसट छापल्यात की अक्षरं वरखाली पळतायत. हल्ली छपाईत कुणाचं लक्षच नसतं.

२० फेब्रुवारी

बस बंद. म्हणजे पुरती नाही, आठवड्यातून फक्त मंगळवारी येणार. बसायला माणसंच नाहीत म्हणे. स्टँडवर दहा-बारा जण तो कागद वाचत उभे होते, सगळे पांढऱ्या केसांचे. बायकोने मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बहिरा नाही आणि आंधळाही नाही, पण तिला हल्ली सगळंच मोठ्याने वाचायची सवय लागली आहे. सकाळी वर्तमानपत्रही तसंच.

संध्याकाळी पोस्टातल्या बाई दारात. पोस्टाच्या खिडकीत आयुष्य गेलं त्यांचं, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. यजमान गेले, दोन्ही मुलं दूर. पायरीवर उभ्या राहूनच म्हणाल्या, "मास्तर, मला गाडी शिकवा."

"बाई, या वयात?"

"मग कुठल्या वयात? दवाखाना मोठ्या गावात, बँक मोठ्या गावात, आणि माझी गाडी गॅरेजमध्ये धूळ खात. मंगळवारीच आजारी पडायचं ठरवू का?"

बायको मागून म्हणाली, "शिकवा की. नाहीतरी रिकामेच बसलाय."

३ मार्च

एकीच्या तीन झाल्या. पोस्टातल्या बाईंनी शिंपीणबाईंना आणलं, शिंपीणबाईंनी त्यांच्या विहीणबाईंना. तिघींची मिळून दोनशे वर्षं नक्की भरतील.

जुना बाजार भरायचा त्या पटांगणावर शिकवतो. बाजार मोडल्यापासून तिथे गवताशिवाय काही नाही. क्लच सोडताना पोस्टातल्या बाई डोळे मिटून घेतात. मी ओरडलो की गाडी बंद पाडतात आणि मग मलाच म्हणतात, "ओरडू नका हो, मी तिकिटं विकताना तुमच्यावर कधी ओरडले होते का?"

आज त्यांना पहिल्यांदा रस्त्यावर काढलं. कारखान्याच्या वळणावर त्यांनी एकदम ब्रेक दाबला. मी रागावलो, रस्ता मोकळा असताना असं करायचं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, सायकलवाला!" डावीकडून एक सायकल खरंच आमच्या नाकासमोरून गेली. हे लोक कुठून उगवतात कळत नाही. कारखाना आल्यापासून रस्त्यावर नुसत्या सायकली झाल्यात.

११ मार्च

कारखान्याबद्दल लिहायला हवं. भाज्या धुऊन, चिरून, गोठवून पाकिटात भरतात. आपली मुलं त्या थंडीत उभी राहायला तयार नव्हती, म्हणून माणसं बाहेरून आणली. ती आता वरच्या आळीतल्या बंद घरांतून राहतात. त्यांची बोली वेगळी, चेहरे वेगळे. वाईट आहेत असं नाही. पण दुकानात गेलो तर पाचातले तीन अनोळखी. आपल्याच गावात आपण पाहुणे आल्यासारखं वाटतं.

त्यांच्यातली एक बाई आज आली. तिशीची, उंच, खांदे पुरुषासारखे. तिकडे ट्रक चालवायची म्हणे. इथला परवाना हवा आहे, परीक्षेआधी सराव करायचाय. मला वाटलं थापा मारते. म्हटलं, बस, ते दोन पिंप आहेत त्यांच्या मधून मागे घे. तिने एका हाताने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी अशी मागे नेली जशी आपण ओळखीच्या खोलीत खुर्ची मागे सरकवतो. उतरून म्हणाली, "मास्तर, तुझा उजवा आरसा सैल आहे."

मला तू! परवाना देणाऱ्या साहेबालाही तूच म्हणणार ही. विचारलं तर म्हणाली, तिच्या बोलीत 'तुम्ही' नाहीच, लहान-मोठे सगळे तूच.

बायकोला हसू आवरेना. त्या बाईला घरात बोलावून चहा दिला.

२६ मार्च

ट्रकवाली पास झाली. गावाने नाव ठेवलंच तिला, आम्हीही तेच म्हणतो, तिला आवडतं. शिकवायची परवानगीही काढली. बायकोने माझ्यामागे धोशा लावला होता, तिला मदतीला ठेवा म्हणून. सकाळी कारखान्यात पहिली पाळी करते आणि दुपारी माझ्याकडे येते. दुपारनंतरचे सगळे धडे तिला द्यावेत असं बायकोचं म्हणणं. "तुम्ही दमता हो संध्याकाळी." मी दमत नाही. पण उतारवयात बायका हळव्या होतात. दिवेलागणीला मी गाडीची किल्ली घेतली की हिचं काहीतरी निघतंच. डबा वरून काढून द्या, मुलीला फोन लावून द्या.

९ एप्रिल

खरं लिहायचं तर मला वाईट वाटतंय. तिघीही मागच्या आठवड्यापासून ट्रकवालीकडेच शिकतात. शिंपीणबाई तोंडावर म्हणाल्या, "ती ओरडत नाही." पोस्टातल्या बाई तर काल कुणी काही न सांगता चौथ्या गिअरमध्ये पुलापर्यंत जाऊन आल्या, ट्रकवाली बाजूला हाताची घडी घालून बसलेली. आणखी चौघींनी नावं दिली. कारखान्यातलेही दोघे विचारून गेले.

स्कूल चाललंय, मग तक्रार कसली? तक्रार अशी की मी सकाळी पटांगणावर चुन्याच्या रेघा मारतो आणि घरी येतो. रेघा वाकड्या आल्यात असं ट्रकवाली म्हणाली. चुनाच खराब होता.

बायकोने फाटकाचे दोन्ही खांब पांढरेशुभ्र रंगवले. पायऱ्यांच्या कडाही. म्हटलं, हे काय, सजावट? म्हणाली, "छान दिसतं." बरंच झालं, त्या डाव्या खांबाला गाडी दोनदा घासली होती. खांब मुळातच आत बसवलाय गवंड्याने.

२१ एप्रिल

गाडीत काहीतरी गडबड आहे.

आज सकाळी बसलो तर सीट पार पुढे ओढलेली, गुडघे स्टिअरिंगला टेकले. ट्रकवाली माझ्याहून उंच. तिन्ही म्हाताऱ्या आता आपापल्या गाड्या वापरतात. मग पुढे कोण बसलं होतं? पेट्रोलही धड्यांच्या मानाने जास्त जातंय. आणि गाडीत बामचा वास. बायको गुडघ्यांना लावते तसाच. सगळ्या म्हाताऱ्या एकच बाम लावतात वाटतं.

हार्डवेअरवाल्याशी बोललो. शाळेत एका बाकावर होतो, त्याच्याशी काही लपवत नाही. तो म्हणाला, "अरे, ती स्वतःच्या माणसांना गुपचूप शिकवून पैसे खिशात घालत असणार. तुझी गाडी, तुझं पेट्रोल. तू भोळा आहेस."

मला तसं वाटत नाही. पण मग सीट?

२ मे

बायको मंगळवारच्या बसने पुन्हा मोठ्या गावाला जाऊन आली. गुडघ्यांसाठी. एवढं करून गुण काही नाही, जेवताना टेबलाखाली तिचे पाय सारखे हलत असतात, एक वर, एक खाली. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. ती पाण्याचा घोट घेता घेता ठसकली.

ट्रकवाली आली की दोघी स्वयंपाकघरात कुजबुजतात. मी गेलो की गप्प. आज कानावर आलं ते एवढंच, "मावशी, जास्त दिवस नाही थांबता येणार. तू सांग, नाहीतर मी सांगते."

म्हणजे ही नोकरी सोडणार आणि बायकोला ते आधीच ठाऊक आहे. नवऱ्याला तेवढं सांगायचं नाही.

६ मे

आज जे झालं ते मला स्वतःलाच आवडलेलं नाही, तरी लिहितो.

दुपारी पटांगणावर गेलो तर सीट पुन्हा पुढे. सगळ्या बायका उभ्या होत्या. मी ट्रकवालीला विचारलं, "माझ्या गाडीत चोरून कोणाला शिकवतेस?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. म्हणाली, "शिकवते. पैसे नाही घेत. पेट्रोल माझं टाकते, पण पुरत नसेल."

"कोणाला?"

"नाही सांगत. शब्द दिलाय."

मग माझ्या तोंडून नको ते गेलं. तुम्ही लोक असेच, घर दिलं की गाव मागाल, असलं काहीतरी. पोस्टातल्या बाई "मास्तर!" म्हणून ओरडल्या. ट्रकवालीने किल्ली बॉनेटवर ठेवली. माझ्या हातात नाही दिली. चालत वरच्या आळीकडे गेली, सरळ, मागे न बघता.

घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. बायको दारातच उभी. तिचा असा चेहरा मी लग्न झाल्यापासून बघितला नव्हता.

"मी शिकत होते," ती म्हणाली. "ऐकलंत? मी. तुमची बायको."

मी खाली बसलो. विचारलं, "चोरून कशाला?"

"उघड शिकले असते तर कशाला शिकतेस ते विचारलं असतंत."

"मग? कशाला?"

ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली, लहान मुलाशी बोलताना बसतात तशी. म्हणाली, "अहो, तुम्हाला दिसत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. दिवाळखोर माणूस दुकान उघडं ठेवतो तसं चाललंय तुमचं. फाटक दिसत नाही, पायरी दिसत नाही, परवा शेजारीण डावीकडून हाक मारत आली तर तुम्ही दचकलात. ट्रकवालीला पहिल्याच दिवशी कळलं. उद्या मधेच काही झालं तर गाडी कोण आणणार घरी? म्हणून शिकले."

मी म्हटलं, माझे डोळे ठणठणीत आहेत. समोरचं कॅलेंडर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "समोरचंच दिसतं."

जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

७ मे

पटांगणावर कुणी आलं नाही. एकट्या विहीणबाई आल्या, त्यासुद्धा सांगायला की आता येणार नाही.

ट्रकवालीकडे जाऊन माफी मागायला हवी, हे मला कळतं. जोडे घातले, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. तिची माफी मागायची म्हणजे डोळ्यांचंही कबूल केल्यासारखं होतं. बायको दोन्ही एकत्र बांधून बसली आहे.

९ मे

जमेल तेवढं लिहितो.

दुपारी मुद्दाम गाडी काढली. मला दिसतं की नाही ते मलाच बघायचं होतं. लख्ख ऊन होतं. पुलापर्यंत गेलो, वळवली, सगळं व्यवस्थित. मनात म्हटलं, घरी जाऊन सांगतो हिला. कारखान्याच्या वळणावर डावीकडे काहीतरी धडकलं. पत्र्याचा आवाज आला. मी थांबलो, उतरलो.

सायकल गाडीखाली. माणूस बाजूला पडलेला, मनगट धरून. कारखान्यातला, अंगात अजून पांढरा झगा. सायकल हातात धरून चालत होता, हँडलला पिशव्या. सगळे बटाटे रस्ताभर. मी त्याला उठवायला गेलो तर तो मागे सरकला. मला भ्याला!

"मी हात करत होतो," तो म्हणाला. "तू माझ्याकडे तोंड करून बघत होतास. बघितलंस आणि तसाच आलास."

पाळी सुटली होती. माणसं जमली. कुणीतरी मला ओळखलं. तीन दिवसांपूर्वी पटांगणावर मी काय बोललो ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी हात उचलला नाही. नुसते बघत उभे राहिले. ते फार वाईट होतं.

शपथेवर सांगतो, तिथे कुणी नव्हतं. मला रस्ता दिसत होता, झाड दिसत होतं. माणूस नव्हता.

१० मे

मनगट मोडलंय. महिनाभर काम नाही.

पोलीस येऊन गेले. एक गोष्ट कानावर घातली. कारखान्यातली माणसं म्हणतात मास्तरने मुद्दाम घातली, आमची माणसं नकोत म्हणून. उद्या दहा वाजता येतो, म्हणाले, तोवर काय सांगायचं ते ठरवा.

ते गेले आणि हार्डवेअरवाला आला. दार लावून घेतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चांगली अद्दल घडवलीस," म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तोही तेच धरून चालला होता! फरक एवढाच की त्याला ते आवडलं होतं.

"काळजी करू नको," तो म्हणाला. "तो मधे आला म्हणून सांग. मी दुकानाच्या पायरीवरून बघितलं असं सांगतो. आपलं गाव तुझ्या बाजूने आहे. परवाना राहील, स्कूल राहील."

"तुझ्या पायरीवरून वळण दिसतच नाही," मी म्हटलं.

"ते कोण तपासतंय?"

चहा न घेता गेला. मी खुर्चीत बसून राहिलो. तो म्हणतो तसं बोललो तर तीस वर्षांचं काम वाचतं. खरं बोललो तर परवाना गेला, पाटी उतरली, उद्यापासून मी कोण? नुसता एक म्हातारा, ज्याला भाजी आणायलाही कुणाचा तरी हात लागतो. पण तो माणूस माझ्यापासून मागे सरकला होता, ते डोळ्यांसमोरून जाईना. त्या वरच्या आळीत आज किती घरांत मुलांना सांगत असतील, त्या गाडीपासून लांब राहा, तो आपल्याला बघून अंगावर घालतो.

बायको आत होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाहेर आली नाही, काही सुचवलं नाही. ते मात्र तिने माझ्यावर सोडलं.

११ मे

सकाळी तिला म्हटलं, "अगं, चल माझ्याबरोबर."

"पोलिसांकडे?"

"आधी कारखान्यावर."

चालत गेलो. तिने माझी डावी बाजू धरली. पाळी बदलायची वेळ होती, फाटकाच्या आत मोकळ्या जागेत पन्नास-साठ माणसं. मला बघून बोलणं थांबलं. ट्रकवाली पाण्याच्या नळाशी हात धूत होती. मनगटवाला कट्ट्यावर, हात गळ्यात बांधलेला.

मी ट्रकवालीकडे गेलो. म्हटलं, "पटांगणावर बोललो ते चुकलं माझं."

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी याचं बोल."

मी वळलो. म्हटलं, "मी याला बघितलं नाही. मला डाव्या बाजूचं दिसत नाही. कधीपासून ते मलाही माहीत नाही. घरचे सांगत होते, मी ऐकत नव्हतो."

ट्रकवालीने त्यांच्या बोलीत सांगितलं. मागे चुळबुळ झाली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, परत सांग. मागच्यांना ऐकू नाही आलं."

"तूच सांग ना त्यांना."

"नाही. तुझ्या तोंडून."

मग मी ओरडलो, जसा शिकणाऱ्यांवर ओरडायचो तसा. "मला दिसत नाही!"

भिंतीवरून आवाज परत आला. मनगटवाला कट्ट्यावरून उतरला. माझ्या डावीकडे येऊन उभा राहिला, कानापाशी, आणि चांगला हात वर केला. मला ते नंतर बायकोने सांगितलं. मला काही कळलं नाही, मी समोरच बघत होतो. तो तसाच उभा राहिला, मग मागच्यांना त्यांच्या बोलीत दोन शब्द म्हणाला. लोक पांगायला लागले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

ट्रकवाली म्हणाली, "म्हणाला, खरं आहे."

पोलीस दहाला आले. जे होतं ते सांगितलं. परवाना काढून टेबलावर ठेवला. दंड होईल, आणखी काय होईल ते होईल.

१६ मे

मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात मुलगी घेऊन गेली. एका गोल यंत्रात तोंड घालून बसवतात, दिवा दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं बरेच दाबले. डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला, मधे थोडं पांढरं, भोवती सगळं काळं, डावीकडे तर जास्तच. डोळ्यात दाब वाढत जातो आणि कडेने दिसणं संपत येतं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं परत येत नाही. थेंब रोज घातले तर उरलेलं राहील.

"रिकाम्या जागा दिसायला हव्या होत्या ना मला?" मी विचारलं.

"मन त्या भरून टाकतं," त्या म्हणाल्या. "रस्त्याच्या जागी रस्ता."

बाहेर येऊन मुलगी रडली. म्हणाली, आता दोघं इकडेच या. बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बघू. गावात तुमच्यासाठी आता काय आहे, असं मुलीने पुन्हा पुन्हा विचारलं.

४ जून

आमच्या सायकलला नवीन टायर बसवून मनगटवाल्याला दिली. घेतली. बटाट्यांचे पैसे घेईना, मग बायकोने दुसरे बटाटेच नेऊन दिले. तो आणि त्याची बायको आमच्यापासून तीन घरांवर राहतात, हे मला आजवर माहीत नव्हतं.

ट्रकवालीकडे तिच्या घरी गेलो. वरच्या आळीतलं ते घर, बंद होतं तेव्हा मी त्यावरून कितीदा गेलो असेन. म्हटलं, स्कूल तू चालव. गाडी माझी, पाटी माझी असली तरी चालेल, नसली तरी चालेल.

ती म्हणाली, "पाटी तुझीच. माझं नाव इथे वाचता येणार नाही कुणाला."

"आणि मी काय करू?"

"सकाळी नियम शिकव. खुणा, पाट्या, कोण आधी, कोण नंतर. मी ते फार कंटाळवाणं शिकवते." मग थोडं थांबून म्हणाली, "पण ओरडायचं नाही, मास्तर."

हार्डवेअरवाला रस्त्यात भेटला तर दुसरीकडे बघतो. एवढ्या वर्षांचा दोस्त. वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू?

१९ जुलै

बायको नापास झाली. चढावर गाडी मागे घरंगळली. परीक्षकाला म्हणाली, "तुम्ही श्वास रोखून बसलात म्हणून मी घाबरले." घरी येऊन पातेली आपटली. मी सांगायला गेलो की हाफ क्लचवर इंजिनाचा आवाज जड होतो तो ऐकायचा, तर म्हणाली, "तुम्ही बोलूच नका." मी बाहेर जाऊन बसलो. जरा वेळाने ती आली आणि म्हणाली, "कसला आवाज?"

माझ्या सकाळच्या वर्गात आता अकरा जण आहेत. सात कारखान्यातले. मनगटवाला पुढच्या बाकावर बसतो, मला दिसेल असा. मला सगळे तूच म्हणतात, सवय झाली.

२२ ऑगस्ट

बायको पास.

आज डॉक्टरीणबाईंकडे दाखवायची तारीख होती. मुलीला फोन करून सांगितलं, तू येऊ नकोस, आम्ही येतो. ट्रकवाली यायला तयार होती, बायको नको म्हणाली.

मी पुढे तिच्या बाजूला बसलो. शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक ट्रकवालीने कालच काढून ठेवला होता, या गाडीचा आता उपयोग घरचा, स्कूलला दुसरी घेतली. पुलाच्या अलीकडे समोरून ट्रॅक्टर आला आणि माझा पाय आपोआप खाली दाबला गेला. नुसती जमीन. पुन्हा वळणावर तसंच.

तिने रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "अहो, पाय वर घ्या. ब्रेक माझ्याकडे आहे."

घेतले. मांडी घालून बसलो. इस्पितळात म्हणाले, दाब आटोक्यात आहे, जेवढं आहे तेवढं राहील. मुलीकडे जेवलो, तिने राहायचा आग्रह केला. बायको म्हणाली, "उद्या सकाळी यांचा वर्ग आहे." उजेड असेतो घरी पोचलो.

आता ती चहा ठेवते आहे. तिथूनच विचारलं, "काय एवढं लिहिताय? आज गाडी कुणी चालवली ते लिहा."

लिहितो. आज गाडी बायकोने चालवली. जाताना आणि येताना. चांगली चालवली. चौथा गिअर टाकायला जरा उशीर करते, पण ते मी तिला सांगितलेलं नाही.